सिलॅबसमधलं कोल्हापूर

कोल्हापुरात मेकॅनिकल केलंय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कुठल्या एमआयडीसीत, शिरोलीला का गोकुळ शिरगावला? दोन्हीकडं नाही म्हटलं की समोरचा जरा काळजीनं विचारतो, मग पुण्याला आयटीत काय? आणि बऱ्याचदा उत्तर तेच असतं. आमच्या बॅचमधले निम्मेअर्धे तिकडंच गेले, चार वर्षं गिअर, बॉयलर, लेथ शिकले आणि आता हिंजवडीत बसून कुठल्यातरी परदेशी विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधले बग शोधतायत. त्यांना नावं ठेवायचं काही कारण नाही, पगार वेळेवर होतो, शनिवार-रविवार सुट्टी असते, फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, नाईट शिफ्ट काढलेल्या माणसाला हे लगेच पटतं. मी काढलीय. मला बोलायचंय ते वेगळंच आहे, की आम्ही जे जे शिकलो त्यातलं बरंचसं आमच्या आजूबाजूला चालू अवस्थेत, धूर सोडत, आवाज करत उभं होतं आणि चार वर्षांत वर्गात कुणी एकदाही खिडकीबाहेर बोट दाखवून म्हटलं नाही की पोरांनो, हे बघा, हे तेच.

पहिलं वर्ष तर असंच गेलं. ड्रॉइंगची शीट, खांद्याला अडकवलेला तो काळा रोलर, केएमटीच्या सिटी बसमध्ये रेघा मारायचा ड्राफ्टर कुणाच्या तरी डोळ्यात जाईल म्हणून छातीशी धरून उभं राहायचं. शीट स्वतः काढणारे वर्गात मोजके, बाकी सगळे जीटीवाले, ग्लास ट्रेसिंगवाले, म्हणजे दोन खुर्च्यांवर काच आडवी टाकायची, खाली बल्ब, काचेवर हुशार पोराची शीट आणि तिच्यावर आपली कोरी. हॉस्टेलवर सबमिशनच्या आदल्या रात्री खोल्याखोल्यांतनं असा खालून उजेड यायचा. जीटीमुळं माणूस काहीतरी शिकतोच असं म्हणणारेही भेटलेत, मला नाही वाटत, जीटीमुळं माणूस फक्त रेघ मारायला शिकतो. वर्कशॉपचे मामा मात्र खरे मास्तर. फिटिंगचा जॉब घेऊन गेलं की ते राइट अँगल लावून उजेडाकडं धरायचे आणि काही न बोलता परत द्यायचे, की आपण परत व्हाइसकडं. त्यात शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सीझन चालू असला आणि आपल्या तालमीच्या टीमची मॅच असली की मग जर्नल, जॉब सगळं बोंबललं.

खरं मेकॅनिकल सेकंड इयरपासनं चालू होतं. थिअरी ऑफ मशीन्स, थर्मो, मेटलर्जी. या तीन विषयांत आमच्या बॅचच्या जेवढ्या केट्या लागल्या, म्हणजे जेवढे विषय राहिले, तेवढ्या बाकी सगळ्यात मिळून लागल्या नसतील.

थिअरी ऑफ मशीन्समध्ये गव्हर्नर नावाचं, इंजिनचा वेग सांभाळणारं प्रकरण असतं. वॅटचा, पोर्टरचा, हार्टनेलचा. दोन गोळे फिरतात, वेग वाढला की बाहेर फाकतात, त्यांना जोडलेली दांड्यावरची सरकती नळी, म्हणजे स्लीव्ह, वर जाते आणि इंजिनचं जळण कमी होतं, वेग उतरला की उलटं. जेम्स वॅटनं १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला हे बसवलं. गणितं आम्ही भरपूर केली, गोळ्याचं वजन इतकं, आर्मची लांबी इतकी, स्प्रिंगची स्टिफनेस काढा. आणि एक थिअरीचा हमखास प्रश्न, हंटिंग म्हणजे काय, चार मार्क. मी त्याची व्याख्या पाठ केली होती, लिहिली होती, चारपैकी तीन मिळाले होते.

आता आमचं गाव भोगावतीकाठी. लहानपणी नदीवरनं उसाला पाणी उपसायला तात्यांचं ऑइल इंजिन होतं, दोन मोठी फ्लायव्हील, हॅंडल मारून चालू करायचं, डीकॉम्प्रेशनचा खटका वेळेत पाडायचा नाहीतर हॅंडल मनगट सोडत नाही. कोल्हापूरला हे इंजिन काय नवलाचं नाही, इथल्या उद्यमनगरातनं तसली इंजिनं आणि त्यांचे पार्ट वर्षानुवर्षं बाहेर पडलेत. तर ते इंजिन कधीकधी बिघडायचं म्हणजे बंद पडायचं नाही, पण आवाज एकसारखा यायचा नाही, डुगडुगडुग जोरात आणि मग दमल्यासारखं डुग… डुग… आणि परत जोरात. तात्या बांधावरनंच म्हणायचे, "आरं झुलायलंय ते, बंद कर." मग जळणाच्या पंपाकडचा लिंकेज, म्हणजे दांडे-पिनींची जोडणी, खोलायचा, रॉकेलमध्ये धुवायचा, घासलेली पिन काढून नवी घालायची, की इंजिन गप्प सरळ.

हे झुलणं म्हणजेच हंटिंग हे मला फायनल इयरच्या अलीकडं कळलं नाही. तेही लॅबमध्ये ते युनिव्हर्सल गव्हर्नरचं अ‍ॅपरेटस चालवताना, डिमर जरा झटक्यात फिरवला गेला आणि स्लीव्ह वरखाली नाचायला लागली आणि मोटरचा आवाज अगदी तसाच यायला लागला. पार्टनर रीडिंग सांग म्हणून ओरडतोय आणि मी उभाच. गोष्ट सोपी आहे. लोड कमी झाला की इंजिन पळतं, गव्हर्नरनं लगेच जळण तोडलं पाहिजे, पण मधल्या पिनीत ढिलाई असली किंवा कुठं घासत असलं की तो निरोप उशिरा पोचतो, तोवर वेग फार वाढलेला असतो, मग जळण जास्तच तुटतं, मग वेग फारच पडतो, मग उलटं. म्हणजे दोष आळसाचा आहे आणि नंतर केलेल्या घाईचा. तात्यांनी पिन बदलली म्हणजे नेमकं हेच केलं होतं.

पण पुस्तकात त्याच्या पुढचंही एक होतं जे तात्यांना माहीत नव्हतं. सगळं लिंकेज नवं कोरं असलं तरी गव्हर्नर जर फारच तिखट केला, म्हणजे वेगात तसूभरही फरक खपवून घेणार नाही असा, तरी तो झुलतोच, कारण वेग केसाएवढा हलला तरी स्लीव्ह या टोकाहून त्या टोकाला जाते. चांगला गव्हर्नर लोड वाढल्यावर वेग थोडासा पडू देतो. थोडं सैल सोडलेलं यंत्र स्थिर राहतं. याच्यावर १८६८ साली मॅक्सवेलनं, तोच विजेच्या समीकरणांवाला, गणित मांडून पेपर लिहिला आणि आजच्या कंट्रोल इंजिनिअरिंगची सुरुवात पुष्कळ जण तिथनं धरतात.

आणि कंट्रोलचा पेपर आला की पुस्तकात उदाहरण काय, तर खोली गरम ठेवणारा हीटर आणि त्याचा थर्मोस्टॅट. कोल्हापुरात कुणाच्या घरात खोलीचा हीटर आहे सांगा. इकडं आम्ही दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये राधानगरीचे दरवाजे किती उघडले हे दर तासाला मोबाईलवर बघतोय. शाहू महाराजांच्या डोक्यातनं निघालेलं धरण, त्याला सात स्वयंचलित दरवाजे, धरण भरून पाणी ठराविक पातळीवर गेलं की पाण्याच्याच जोरावर उघडतात, पातळी उतरली की आपोआप मिटतात, ना मोटर ना बटण. एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक, हा आकडा आमच्याकडं शाळेतल्या पोराला पण पाठ असतो, कारण त्यावर पुढं पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला आणि ४३ फुटांच्या धोका पातळीला कधी टेकणार याचा हिशोब चावडीवर चालतो. सेन्सर, कंट्रोलर, अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे मोजणारा, ठरवणारा आणि हलवणारा, तिन्ही एकाच लोखंडी दरवाजात. फीडबॅक, म्हणजे झालेला परिणाम बघून यंत्रानं स्वतःला सावरणं, शिकवायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण कुठल्या देशात मिळणार आहे? पण सरांनी हीटर शिकवला आणि आम्ही हीटर लिहिला.

थर्मोचं तर विचारू नका. रँकिन सायकल, म्हणजे वाफेवर चालणाऱ्या वीजकेंद्राचं चक्र, चार डबे, बॉयलर, टर्बाइन, कंडेन्सर, पंप, मध्ये बाण. ही आकृती मी इतक्यांदा काढलीय की झोपेत काढीन. परीक्षेला स्टीम टेबल, म्हणजे वाफेच्या आकड्यांचं पुस्तक, न्यायला परवानगी असायची आणि त्या स्टीम टेबलच्या समासात पिढ्यान्पिढ्यांनी पेन्सिलीनं बारीक अक्षरात जे साहित्य लिहून ठेवलेलं असायचं त्यावर वेगळा लेख होईल. पण त्या आकृतीतला कंडेन्सर मला कायम खटकायचा. एवढं जळण जाळून वाफ करायची, टर्बाइन फिरवायचा आणि मग उरलेल्या वाफेतली उष्णता थंड पाण्याला देऊन टाकायची. वीजकेंद्रात जळणातली जवळपास निम्मी उष्णता अशी जाते. असं का, तर एवढ्या कमी दाबाच्या वाफेकडनं अजून काम काढता येत नाही आणि एक किलो वाफेचं पाणी करताना तिच्यातली बावीसशे-साडेबावीसशे किलोज्यूल उष्णता कुठंतरी टाकावीच लागते, थर्मोच्या सेकंड लॉ पुढं शहाणपण चालत नाही. ठीक आहे, लॉ आहे तर आहे.

पण साखर कारखाना बघा. आमच्या घरापासनं कारखान्याचं धुराडं दिसायचं. बिद्री, कुंभी, भोगावती, कुठल्याही बाजूला निघा, अर्ध्या-पाऊण तासात एक कारखाना लागतो, आमच्या घरातले निम्मे लोक सभासद. ऊस पिळून झाला की चोथा उरतो, बगॅस, शंभर टन उसाला अठ्ठावीस-तीस टन, त्यात निम्मं पाणीच असतं तरी तो बॉयलरला जळतो. त्याची वाफ टर्बाइनला, टर्बाइनवर वीज. इथपर्यंत पुस्तकच. पण टर्बाइनमधनं बाहेर पडलेली वाफ इथं कंडेन्सरला जाऊन वाया जात नाही, तिला जरा दाब ठेवूनच बाहेर काढतात आणि ती रस आटवायला नेतात. पुस्तकातला सगळ्यात दुखरा डबाच इथं कामाला लावलाय. वीजकेंद्राला जी उष्णता कुठं टाकू म्हणून नदी लागते तीच उष्णता कारखान्याला हवी असते, कारण रसातलं पाणी उडवायचंय. आणि तिथंही एकदाच वापरून थांबत नाहीत, पहिल्या भांड्यात रस उकळून जी वाफ निघाली ती दुसऱ्या भांड्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, पुढच्या भांड्यात व्हॅक्यूम धरून ठेवायचा म्हणजे कमी तापमानाला पण रस उकळतो. एका किलो वाफेत दोन-तीन किलो पाणी उडतं. हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी खरंच वहीत ती रँकिनची आकृती काढून कंडेन्सरवर काट मारली आणि तिथं "रस" असं लिहिलं.

आता हे सगळं को-जनरेशन या नावाखाली सिलॅबसमध्ये होतं, नव्हतं असं नाही. शेवटच्या युनिटमध्ये, दीड पानात, जे युनिट लेक्चर बुडल्यामुळं कधी शिकवायचंच राहतं. सरांचाही दोष म्हणता येत नाही सगळा. जे पुस्तक आहे, जे पेपर सेट होतात, ज्या तारखा युनिव्हर्सिटीनं दिल्यात त्यात त्यांना पोरं पास करायचीत. पण वर्गात साठ पोरं, त्यातल्या तीस-चाळीस जणांच्या घरचा ऊस कारखान्याला जातो, आणि बॉयलर शिकवताना कोळसाच शिकवायचा याला काय म्हणायचं.

मेटलर्जीचंही तेच. आयर्न-कार्बन डायग्राम, म्हणजे लोखंडात किती कार्बन असला की किती तापमानाला काय होतं याची आकृती, ही मेकॅनिकलवाल्यांची हनुमान चालीसा, अर्थ कळो न कळो तोंडपाठ पाहिजे. शुद्ध लोखंड वितळतं १५३८ अंशाला, त्यात ४.३ टक्के कार्बन असला की ११४७ लाच पाणी होतं. एवढी एकच ओळ नीट समजली की कास्ट आयर्न का ओतायला सोपं, फौंड्री हा धंदा का टिकतो हे सगळं कळतं, आणि कोल्हापुरात लहानमोठ्या मिळून तीनशेच्या घरात फौंड्र्या आहेत. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा किर्लोस्करांना नांगर ओतायला दिल्या ही गोष्ट इकडं अजून सांगतात.

मी कॉलेज संपल्यावर काही वर्षं फौंड्रीत क्वालिटीला होतो. तिथं फर्नेसवर एक मामा होते, मेल्टर. मेटल ओतायच्या आधी ते एका छोट्या पाचरीच्या साच्यात थोडं ओतायचे, गार झालं की हातोड्यानं तोडायचे आणि तुटलेला भाग उजेडाला धरून बघायचे. पाचरीची जाड बाजू करडी, टोकाला पांढरी. पांढरं किती आलंय यावर ते ठरवायचे की फेरोसिलिकॉन अजून किती टाकायचं. "चिल जास्त हाय, टाक अजून थोडं." बास. आणि डायग्राममध्ये आम्ही जे सिमेंटाइट-ग्रॅफाइट घोकलं होतं ते मामांच्या हातात दोन तुकडे होऊन पडलेलं असायचं. मेटल पटकन गार झालं की कार्बन ग्रॅफाइट व्हायला सवड मिळत नाही, तो लोखंडाला चिकटून कडक कार्बाइड, म्हणजेच सिमेंटाइट, होतो, म्हणून पातळ टोक पांढरं. तसंच कास्टिंगचा कोपरा पांढरा निघाला की ते मशीन शॉपला जातं आणि तिथनं फोन येतो, "कास्टिंग हार्ड आलंय, टूल टिकंना." आता मी त्या फोनच्या दुसऱ्या बाजूला आहे, मशीन शॉपमध्ये, रोज मीच तो फोन करतो.

तिथंच पॅटर्नवाल्यांची ती पट्टी पहिल्यांदा हातात घेतली. गार होताना कास्ट आयर्न साधारण एक टक्का आकसतं, म्हणून लाकडाचा पॅटर्न, म्हणजे ज्याच्यावरनं साचा करतात तो नमुना, तेवढा मोठा करावा लागतो, आणि प्रत्येक मापाला गुणाकार करत कोण बसणार, म्हणून यांची पट्टीच खोटी असते. तिच्यावर शंभर मिलिमीटर लिहिलेलं अंतर खरं एकशेएक असतं. उद्यमनगरात एका शेडमध्ये सागवानाचा भुसा झटकून त्या माणसानं ती पट्टी माझ्या साध्या स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवली, शून्याला शून्य लावलं, आणि पुढं पुढं रेघा हळूहळू एकमेकींपासनं सरकत गेलेल्या दिसल्या. श्रिंकेज अलाउन्स यावर मी परीक्षेत पानभर लिहिलेलं होतं. आता ते काम बरंचसं कॅड आणि सीएनसीवर गेलंय, सॉफ्टवेअरला टक्का सांगितला की झालं, पट्टी लागत नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, हेच तर आम्ही म्हणतो, कॉलेजात काय शिकवत नाहीत, खरं ज्ञान मिस्त्रीकडं. असल्या पोस्ट फिरत असतात, आमचा आठवी नापास मिस्त्री इंजिनिअरला कसा भारी पडला वगैरे, खाली सगळ्यांचे नाद खुळा. मला ते पटत नाही. ज्या मामांचं मी वर एवढं सांगितलं त्यांच्याच फर्नेसवर एसजी आयर्नची ऑर्डर आली तेव्हा काय झालं ते मी बघितलंय. एसजीमध्ये ग्रॅफाइट गोळ्यासारखं व्हावं म्हणून मॅग्नेशियम देतात, मेटलमध्ये शेवटी ०.०४ टक्क्याच्या आसपास राहिलं पाहिजे आणि ते उडत राहतं, ट्रीटमेंटनंतर दहा-बारा मिनिटांत ओतून मोकळं व्हायला लागतं. ०.०४ टक्के कुणाच्या डोळ्याला दिसणार? मेटल दिसायला तेच, लाल तेच, वाहायला पण तसंच. शेवटच्या लॅडलची, म्हणजे मेटल ओतायच्या भांड्याची, कास्टिंगं रिजेक्ट झाली आणि मामा दोन दिवस म्हणत होते की मेटलमध्ये काही खोट नव्हती. स्पेक्ट्रोमीटर आणि मायक्रोस्कोपनं दाखवलं तेव्हा मानले, आणि मानल्यावर मात्र घड्याळ घेऊन लॅडलशेजारी तेच उभे राहायला लागले. हातातलं ज्ञान ज्या कामात आलं तिथं राजा, पण काम बदललं की त्याला डायग्राम लागते. तात्यांची पिन त्यांच्या इंजिनाला लागू होती, गव्हर्नरची थिअरी राधानगरीच्या दरवाजालाही लागू होते. म्हणून तर मला राग येतो, की एवढी ताकदीची गोष्ट आम्हाला नुसती चार मार्कांची म्हणून दिली.

यंदा आमच्या पुतण्यानं प्रवेशाच्या कॅप राउंडला मेकॅनिकल भरलं. घरात सगळ्यांचं म्हणणं कॉम्प्युटर घे, एआय घे, आता मेकला कोण जातंय. मी त्याला घे म्हटलं नाही, नको पण म्हटलं नाही, पगाराचं जे खरं आहे ते सांगितलं, सुरुवातीला कमी असतो, उभं राहायला लागतं, सुट्टी एकच, आणि आपल्याकडं एमआयडीसीची सुट्टी रविवारीच असेल असंही नाही. त्याला मुळात गाड्या आवडतात म्हणून त्यानं भरलंय, तेवढं कारण पुरतं.

एक मात्र त्याला सांगून ठेवलंय. इंडस्ट्रियल व्हिजिट कॉलेजवाले टर्म बघून काढतात, कारखाना बघायला नेमकं ऑगस्टमध्ये नेतात, तेव्हा सीझन बंद असतो. पोरं वैतागतात, काहीच चालू नाही म्हणून बाहेर सेल्फी काढून वडापाव खाऊन परत. तर तसं करू नको. गळीत चालू असताना डिसेंबर-जानेवारीत तू आपला आपण जा, गेटवर तात्यांचं सभासदाचं नाव सांग, कुणीतरी ओळखीचा निघतोच, आणि रस आटवायची भांडी बघ, कुठली वाफ कुठं जाते ते पाइप हातानं दाखवून विचार. आणि ऑगस्टची व्हिजिट पण बुडवू नको, कारण ओव्हरहॉलिंगला टर्बाइनचं वरचं झाकण उचललेलं असतं, ब्लेड उघड्या दिसतात, मिलचे रोलर काढून ठेवलेले असतात, त्यांचे दात बोटानं मोजता येतात, चालू सीझनमध्ये यातलं काही कुणाला दिसत नाही. कॉलेजचा युनिफॉर्म घालून मात्र जायचं नाही, तिथलं ग्रीस कपड्यावरनं निघत नाही.